पदराआडचा टीव्ही

जाहिरात लागली की यमुनाबाई उठायच्या. सुपातले तांदूळ तसेच ठेवून, गुडघ्यावर हात टेकत टीव्हीसमोर जायच्या आणि साडीचा पदर दोन्ही हातांनी पसरून पडदा झाकून उभ्या राहायच्या. समोर बसलेली वीसेक पोरं ओरडायची, "बाय, सरक ना." यमुनाबाई सरकायच्या नाहीत. पोरांकडे तोंड करून शांतपणे सांगायच्या, "ही माझी नाय." जाहिराती संपून पुन्हा कार्टूनचा आवाज सुरू झाला की पदर खांद्यावर टाकून परत सुपाकडे. अर्ध्या तासात हे चार-पाच वेळा व्हायचं.

एकदा तपासणीला आलेले साहेब हे बघून हसले. म्हणाले, "बाई, रिमोटवर आवाज बंद करायचं बटण असतं. कशाला उठाबशा काढता?" यमुनाबाईंनी मान डोलावली. साहेब गेल्यावर मला म्हणाल्या, "बटण दाबलं तं पोरांना कळं नाय कोण नको बोलतं. मी उभी राहिली तं कळतं." तेव्हा मी साहेबांबरोबर हसले नव्हते, कारण त्या पदरामागे काय आहे ते मला माहीत होतं. त्यात माझाही वाटा होता.

यमुनाबाई अंगणवाडी सेविका. खोडाळ्याच्या पुढे एसटी जिथे सोडते, तिथून अर्धा तास चढून गेलं की त्यांचा पाडा. मी त्या भागाची पर्यवेक्षिका, राहायला जव्हारला. मला मुळात काळजी करायची हौस. निघताना गॅस बंद केला की नाही या काळजीत खोडाळ्यापर्यंत पोचणारी बाई मी. यमुनाबाई माझ्या उलट. काळजीला त्यांच्याकडे एकच औषध होतं, वजनकाटा. अंगणवाडीच्या आढ्याला तो टांगलेला असायचा, खाली झोळी. पोर झोळीत रडून हातपाय झाडायचं, काटा थरथरायचा, आणि आम्ही घाईघाईने आकडा लिहायला लागलो की त्या हात धरायच्या. "थांबा मॅडम. रडतं पोर खोटं वजन देतं." मग गुणगुणत पोराच्या पायाला गुदगुल्या करायच्या, काटा स्थिर झाला की आकडा वाचायच्या.

कुणी काहीही सांगो, त्यांचा प्रश्न ठरलेला. आई म्हणाली पोर चांगलं जेवतंय, तरी "काटा काय बोलतो?" बाप म्हणाला आमचा वंशच बारीक, तरी "काटा काय बोलतो?" माझ्या भाचीला आलेल्या स्थळाचं मी एकदा त्यांच्यापुढे भरभरून कौतुक केलं. शिक्षण, नोकरी, घरदार, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "समदं खरं, पण काटा काय बोलतो?" ते लग्न आम्ही केलं नाही, आणि पुढे बरंच झालं असं वाटलं.

टीव्ही त्यांनीच आणला. दिवाळी झाली की पाड्यावरची तरणी माणसं वीटभट्टीवर जायची ती होळीलाच परतायची. मागे म्हातारी माणसं आणि पोरं. पोरं शेळ्यांमागे रानात पांगायची, अंगणवाडीत खिचडी निवून जायची. यमुनाबाईंचा मुलगा ठाण्याला कामाला. त्याने नवा टीव्ही घेतला तेव्हा जुना यांनी मागून घेतला, एसटीत मांडीवर धरून आणला, चढ डोक्यावरून चढवला. छपरावर डिश बसली आणि तिसऱ्या दिवशी अंगणवाडी भरली. मध्ये मध्ये हात धुण्याचा, डोस पाजण्याचा सरकारी संदेश लागायचा, तोही पोरं आणि दारात बसलेल्या आज्या मन लावून बघायच्या. मला तर आनंदाने काय करू नि काय नको झालं. "अभिनव उपक्रम" असं अहवालात लिहिलं, इतर सेविकांना बघायला घेऊन गेले, तालुक्याच्या आदर्श सेविकेसाठी यमुनाबाईंचं नाव मीच सुचवलं. त्या अहवालातली वाक्यं मला अजून पाठ आहेत आणि आठवली की कानशिलं तापतात.

दोनेक महिन्यांनी गेले तर पोरं बडबडगीतांऐवजी जाहिरातींची गाणी म्हणत होती. सुरात, हातवाऱ्यांसकट. खिचडीचं ताट पुढे आलं की एकेक जण तोंड फिरवायचं. दुकानात माळांसारख्या लटकणाऱ्या पुड्या ज्यांना वाचता येत नव्हत्या, ती पोरं रंगावरून ओळखून हट्ट करायची. माझ्या घरी माझा मुलगा हेच करायचा आणि मी आणूनही द्यायचे. आमच्याकडे त्याला लाड म्हणत. पोराने वरण-भात नको म्हटलं तर आमच्याकडे दुसरं काहीतरी असायचं. इथे नागलीची, म्हणजे नाचणीची, भाकरी नको म्हटलं की चुलीवर दुसरं काही नव्हतं.

यमुनाबाईंनी आपल्या पद्धतीने उपाय केला. फुगलेली एक पुडी झोळीत ठेवली, काट्याला लावली आणि पोरांना विचारलं, "काटा हालला काय?" काटा जागचा हलला नाही. पोरं खूप हसली. दुसऱ्या दिवशी तीच पोरं तीच पुडी घेऊन आली. "मॅडम, काटा हालला नाय, पण पोरं बी हालली नाय," असं त्या मला म्हणाल्या तेव्हा त्यांचा आवाज पहिल्यांदाच पडलेला होता.

त्याच महिन्यात रंजनाचं वजन उतरलं. रंजना तीन वर्षांची, आईबाप भट्टीवर, सांभाळायला आजी सोमीबाई. मागच्या महिन्यात वाढीच्या तक्त्यावर ती हिरव्यातून पिवळ्यात आली होती, आता लालच्या कडेला होती. गेले काही दिवस ती टीव्ही बघून खिचडी न खाताच घरी पळायची. "घरी खाते," म्हणायची. आम्ही दोघी तिच्या घरी गेलो.

सोमीबाईने आमचं हसून स्वागत केलं. लपवण्यासारखं तिच्याकडे काही नव्हतंच. उलट तिने अभिमानाने पेला दाखवला. तळाशी तपकिरी पाणी होतं. आढ्याला फाडलेल्या पुड्यांची रिकामी पाकिटं नीट सुतळीत ओवून ठेवली होती. प्रत्येकावर उंच उडी मारणारा एक गुबगुबीत मुलगा.

"दिवसात तीनदा देते," ती म्हणाली. "पाण्यात घालून. पोर एक थेंब टाकं नाय."

"आन जेवान?" यमुनाबाईंनी विचारलं.

"जेवान कशाला? हे पितं ना. तो पोरगा नाय का, पितं आन उंच होतं." मग तिने कोपऱ्यातल्या कणगीकडे हात केला. "नागली तं ती खाय नाय. मंग दुकानात दिली पायली पायली, त्याच्या या पुड्या घेतल्या."

मी कणगीत डोकावले. तळ दिसत होता.

यमुनाबाईंचा आवाज चढला. "हे कोणी सांगलं तुला, आजी? मी सांगलं? डॉक्टरने सांगलं?"

सोमीबाई खरोखरच गोंधळली. "तूच तं सांगलं. तुझ्या टीवीत रोज सांगतं. डोस पाजा सांगलं, मी पाजला. हात धुवा सांगलं, धुतं. हे पाजा सांगलं, तं पाजते. तुझा टीवी खोटा बोलंल काय?"

यमुनाबाई तिथेच उंबऱ्यावर बसल्या. मी त्यांच्याबरोबर बारा वर्षं काम केलं, त्यांना असं बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. इतकी वर्षं दारोदार फिरून, अंगारा लावणाऱ्यांशी भांडून, बाळंतिणींच्या उशाशी बसून त्यांनी जो विश्वास मिळवला होता, तो विश्वास ती जाहिरात आयताच वापरत होती. आणि तिला अंगणवाडीत जागा आम्ही दिली होती, मी तर अहवालात लिहून.

आता रंजनाला जव्हारच्या रुग्णालयात दाखल करायला हवं होतं. पोरगी डोळे उघडून पडली होती, माशी बसली तरी हात हलत नव्हता. "टीवी खोटा बोलला, आजी," यमुनाबाई म्हणाल्या, आणि मी दवाखान्याचं समजावू लागले. सोमीबाईने पोरीला ओढून मांडीत घेतलं. "तो खोटा बोलला बोलतंस ना?" ती यमुनाबाईंना म्हणाली. "मंग तुझा दवाखाना खरा कशावरून? आयस नाय, बापूस नाय, मी पोर कोणाला देऊ नाय."

तिचं चुकत होतं असं मला तेव्हाही म्हणवेना. एक-एक तास महत्त्वाचा होता आणि आमच्या शब्दाला किंमत उरली नव्हती.

यमुनाबाई उठल्या आणि अंगणवाडीकडे गेल्या. परतल्या तेव्हा हातात काटा आणि झोळी. काटा त्यांनी ओटीच्या वाशाला टांगला. "आजी, माझं ऐकू नको," म्हणाल्या. "टीवीचं बी नको. तू बघ." अंगणात सोमीबाईच्या शेळीचं करडू बांधलेलं होतं, दिवाळीत जन्मलेलं. यमुनाबाईंनी ते उचललं आणि झोळीत घातलं. काटा जिथे थांबला तिथे बोटाने कोळशाची खूण केली. मग हात पुढे केले. सोमीबाईने थोडा वेळ घेतला, पण पोरगी दिली.

रंजना झोळीत रडली नाही, त्यामुळे थांबावं लागलं नाही. काटा कोळशाच्या खुणेपर्यंत पोचलाच नाही.

सोमीबाईला अक्षर येत नव्हतं, पण शेळ्या तिने जन्मभर पाळल्या होत्या. तीन वर्षांच्या पोरीपेक्षा तीन महिन्यांचं करडू जड, हे तिला कुणी सांगावं लागलं नाही. तिने त्या खुणेवर बोट ठेवून पाहिलं. मग घरात जाऊन तिने एका फडक्यात दोन लुगडी बांधली आणि दार ओढून घेतलं.

रुग्णालयात पहिले चार दिवस रंजनाचं वजन वाढेना. मी ऑफिस सुटलं की जायचे. यमुनाबाई अंगणवाडी उरकून दिवसाआड एसटीने यायच्या, खाटेजवळ उभ्या राहून नर्सला तेवढंच विचारायच्या, "काटा काय बोलतो?" उत्तर ऐकून खाली बसायच्या. त्याच आठवड्यात आदर्श सेविका म्हणून त्यांचं नाव नक्की झाल्याचा निरोप मीच त्यांना दिला. कार्यक्रम त्या खाटेपासून पाच मिनिटांवर होता. "माझं नाव काढा," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, असं कसं काढता येईल, यादी वर गेली आहे. "पोर हिथं पडलंय आन मी तिथं टीवी आणला म्हणून शाल-नारळ घेऊ?" कार्यक्रमाला त्या गेल्या नाहीत. सत्कार दुसरीचा झाला.

पाचव्या दिवशी काटा किंचित सरकला. मग रोज थोडा थोडा. होळीला आईबाप आले तेव्हा रंजना घरी परतली होती आणि अंगणात करडाच्या मागे चालत होती, पळत नव्हती, पण चालत होती.

मी यमुनाबाईंना म्हटलं, तो टीव्ही काढून टाका. त्यांनी नकार दिला. "काढला तं पोरं परत रानात. आन आज माझ्याकडं हाय, उद्या घराघरात येल. तिथं कोण उभं राहील?" त्यांनी दुसरंच काहीतरी केलं. पाड्यातल्या प्रत्येक घरी गेल्या आणि सांगितलं की माझ्या टीव्हीत जे येतं ते सगळं माझं सांगणं नाही, मी तुम्हाला आधी बोलले नाही, ही माझी चूक. सरकारी नोकरीत मी अनेक चुका पाहिल्या, त्या कबूल करत दारोदार फिरणारी बाई एकच पाहिली. पण एका म्हातारीने त्यांना विचारलं, "मंग तुझं कंचं, आन त्यांचं कंचं, आमी वळखावं कसं?" दुसऱ्या दिवसापासून त्या पदर पसरून उभ्या राहू लागल्या.

आता त्या निवृत्त झाल्या, लेकीकडे खोडाळ्याला असतात. वजनाच्या दिवशी न चुकता त्यांचा फोन येतो. हल्ली आकडे आम्ही मोबाइलमध्ये भरतो, पण फोनवरचा प्रश्न तोच.

गेल्या महिन्यात मी पाड्यावर गेले होते. नवी सेविका वजनं घेत होती, टीव्ही चालू होता. रंजना आता शाळेत जाते. धाकट्या भावाला न्यायला आली होती. जाहिरात लागली तशी ती, कुणी न सांगता, उठली आणि टीव्हीपुढे जाऊन फ्रॉकची दोन टोकं धरून उभी राहिली. फ्रॉक लहान, दोन्ही बाजूंनी चित्र दिसतच होतं. पोरं मान वाकडी करून बघत होती, आणि गाणं तर सगळ्यांनाच ऐकू येत होतं. मग माझं लक्ष रंजनाच्या तोंडाकडे गेलं. फ्रॉक पसरून ती ताठ उभी होती आणि तिचे ओठ त्या गाण्याबरोबर हलत होते, एकही शब्द न चुकता.

तेवढ्यात फोन वाजला.

"मॅडम, काटा काय बोलतो?"

"वाढलाय," मी म्हटलं. "सगळ्यांचा वाढलाय. आणि रंजना तुमच्यासारखी टीव्हीपुढे उभी राहते."

पलीकडून यमुनाबाई हसल्या, इतक्या समाधानाने की पुढचं मला सांगवेना.