वाजिदचा डबा अन बशीरभाऊचं अंगुस्तान

लिही रीना. माह्याबद्दल नोको लिहू, वाजिदबद्दल लिही. माह्यात काय हाये लिहासारखं? जन्मभर दुसऱ्याइच्या शर्टाले बटन लावले, झालं.

वाजिद म्हनजे बशीरभाऊ टेलरचा पोट्टा. बस स्टँडच्या मांगं त्याइचं घर, समोरच्या खोलीत शिलाईचं दुकान. मी तिथी काज-बटन अन तुरपाई कराले जाय, वीस वर्सं तरी झाले असन. म्हनून मी जे सांगतो ते डोळ्यानं पाह्यलेलं. एकच गोष्ट पाह्यली नाई, ते तुह्या बापानं पाह्यली. ते आली का सांगतो.

वाजिद दिवसा शर्ट-पँट शिवे, पन जीव त्याचा गिटारमधी. लाकडी पेटीची गिटार, तिलेच वायर लावे. दिवाळी झाली का वडस्याच्या नाटकपार्टीसोबत निघून जाय. आपल्या झाडीपट्टीत होळीपर्यंत गावोगाव नाटकं होतेत, तुले माहीत हाये. अकरा सीजन केले त्यानं. लगन झालं नाई. नाटकवाल्याले पोरगी कोन देते, अन शिलाईवाल्याले द्याले लोक तयार होते तं हा म्हने मी नाटकवाला हाये.

मंग बशीरभाऊले लकवा मारला. तू पाचवीत होती ते साल. एक बाजू गेली, बोलनंबी गेलं. डावा हात तेवढा चाले. आई त्या पोट्ट्याची आधीच वारली होती. घरात दोन मानसं, एक खाटेवर अन एक त्याच्याजवळ. बशीरभाऊ धिप्पाड मानूस, त्याइले उठवाचं, धुवाचं, कूस बदलाची, हे वाजिदशिवाय कोनाच्यानं होये नाई. त्या सीजनले वाजिद गेला नाई. पार्टीचे मालक दसरूभाऊ घरी येऊन गेले. म्हनले, पुढच्या दिवाळीपर्यंत तुही जागा राखून ठेवतो, पन हात सुटू देजो नोको. दिवाळीआधी तालमीले ये, मंग पाहू.

आता एकट्यानं सराव कसा कराचा? पार्टीत कसं, ढोलकी असते, ऑर्गन असते, मंग गिटार त्याच्यात मिसळते. त्याचा दोस्त अकरम नागपूरले ऑर्केस्ट्रात होता. त्यानं एक जुना डबा पाठवून देल्ला. लोखंडाचा, इटेएवढा, पायानं दाबाचा. वाजिद त्याले लूपर म्हने. तुमी काही वाजवा, तो डबा ते धरून ठेवते अन परत परत वाजवते. धान चुरताना बैल खुट्याभोवती फिरते ना, तसं तेच ते, तेच ते. वाजिद आधी साथ वाजवे, ते डब्यात टाके, अन मंग त्याच्यावर गाणं वाजवे. एकच मानूस, पन आयकाले दोघं. त्याच्यातच आवाज बदलाचे खटके होते. एक दाबला का गिटार विहिरीतून वाजल्यासारखी, दुसरा दाबला का टिनावर गारा पडल्यासारखी. मी म्हनली, पोट्ट्या, त्याच्यात माह्यासारखा आवाज हाये का? तं म्हने, तो काढता येत नाई, म्हनून तं तुमाले घरी येऊ देतो.

पहिल्या महिन्यात लय फजिती झाली. एकदा दाबलं का डबा वाजाले लागे अन लागोपाठ दोनदा दाबलं का बंद. आता टेलरचा पाय तो. मशीन चालवू चालवू त्याले सवय, पाय ठेवला का टाच-पंजा, टाच-पंजा. सूर धरला का पाय चालू, पाय चालू झाला का डबा बंद. मी काज करता करता हासो. शेवटी पाय मांडीखाली दाबून, एकाच अंगठ्यानं दाबाचं शिकला.

अन लाइटीचं तं विचारू नोको. वीज चंद्रपूरले बनते अन चंद्रपूर जिल्ह्यातच भारनियमन. सकाळी चार घंटे नाई, दुपारून चार घंटे नाई. लाइट गेली का डब्यातलं सारं पुसून जाय. हा मंग हात मांडीवर ठेवून बसून राहे, जसं कोनं उठून गेलं जवळून.

बशीरभाऊले आवाज सहन होये नाई म्हनून वाजिद कानाले हेडफोन लावे. बाहेर काही आयकू येये नाई, तारेवर बोटाची टिक-टिक तेवढी. खाटेकडे पाठ करून स्टुलावर बसे, डोळे मिटून. मी एखाद्या वेळी पाह्यलं तं वाटे, हा इथी नाईच, हा कोन्या तरी गावात मंडपात बसला हाये.

एक दिवस मी बाजारातून वांगे घेऊन आली. पाह्यतो तं बशीरभाऊ खाली. अर्धं अंग खाटेखाली, लोटा सांडलेला, पान्यात पडलेले. अन वाजिद तीन पावलावर. पाठ करून, डोळे मिटून, टिक-टिक. मी त्याच्या खांद्याले हात लावला. त्यानं वळून पाह्यलं अन कानाचं काढलं, तं त्या कानाच्या वाटीतून बारीक बारीक तेच गाणं चालूच होतं. बापाले उचलून वर ठेवलं, अंग पुसलं, कपडे बदलले. मंग ते हेडफोन वायर गुंडाळून बटनाच्या डब्यात टाकलं. अजूनबी तिथीच हाये, बटन काहाडताना माह्या हाताले लागते.

तेव्हापासून उघड्यानं वाजवे. जुन्या टेपच्या पेटीले वायर जोडली. बशीरभाऊले आता दिवसभर ते आयका लागे. त्याइच्या डाव्या हातात अंगुस्तान राहे, सुई टोचू नये म्हनून टेलर बोटात घालते ती लोखंडी टोपी. हात गेला तो उजवा, म्हनून मीच त्याइले डाव्या बोटात घालून देल्ली होती, मानसाले आपलं कायतरी जवळ पाह्यजे म्हनून. त्याइनं ते खाटेच्या दांड्यावर वाजवाले सुरुवात केली. टक, टक. पन ते डब्यासंग बसे नाई. मधातच थांबे, श्वास घ्याले, नाई तं विसरून जाय. मंग परत टक. वाजिद चिडे. त्याच्या हिंदीत म्हने, अब्बा, तुमचा ठेका चुकून राह्यला. एक दिवस अंगुस्तान काढाले गेला तं बशीरभाऊनं मूठ घट्ट केली. पोट्ट्यानं जोर नाई केला. पुन्हा पाठ करून बसला.

गिऱ्हाइक विचारत, कसे हायेत बशीरभाऊ? तसेच हायेत, हा म्हने. एका जनानं विचारलं, सीजनच्या आधी सुटका होईन का रे? कोनाची सुटका ते बोलला नाई. वाजिदची मशीन तिथीच थांबली. गिऱ्हाइक गेल्यावर माह्याकडे न पाह्यता बोलला.

"मंगलीबाई, मी सराव करतो तं मले वाटते, मी अब्बा जाची वाट पाहून राह्यलो."

खोटं नव्हतं ना ते. बाप हाये तोवर जाता येत नाई अन जाता येईन तेव्हा बाप नसन. म्हनून मी दात लावून धागा तोडला अन म्हनली, "वाट पाह्यत असता तं त्याइच्या पाठीले रोज तेल कोनी लावलं असतं? सुई दे इकडं."

दिवाळीच्या पंधरा दिवस आधी तालमीचा निरोप आला. मी बशीरभाऊजवळ बसली अन तुहा बाप, माहा श्रावण, वाजिदले मोटरसायकलवर वडस्याले घेऊन गेला. तिथलं हे श्रावणनं सांगितलेलं. नाटकात मायची भूमिका कराची सुकरीबाई होती, लय जुनी कलाकार. गाणं म्हनता म्हनता ते मधातच थांबते, कपाळाले हात लावते, पदर धरते, लोक रडाले लागले का मंग पुढची ओळ. ढोलकीवाला तिच्या तोंडाकडेच पाह्यत राह्यते. ते थांबली. अन वाजिद थांबला नाई. बोटं एकदम साफ, एक सूर चुकला नाई, अन एकटाच शेवटपर्यंत वाजवून मोकळा.

सुकरीबाई म्हनली, "गाडी गेली बाप्पा, मी नागभीडच्या टेसनावरच राह्यली."

सारे हासले. दसरूभाऊ हासले नाई. म्हनले, "वर्सभर कोनासोबत वाजवून राह्यला तू?"

"डब्यासोबत."

"डबा कोनासाठी थांबते का? हात तुहा पहिल्यापेक्षा चांगला हाये. पन वर पाह्यत नाई तू." मंग म्हनले, आठ दिवसानं ये. नाई जमलं तं गोंदियाचा एक पोट्टा तयार हाये.

घरी आला तं जेवला नाई. दुसऱ्या दिवशी सकाळपासून परत डबा. अजून जोरात, अजून साफ. अरे बाप्पा, त्याच्यानंच तं बिघडलं होतं! पन मी काय सांगू, मले काय समजते गिटारमधलं. दुपारी लाइट गेली. डब्याचा लाल दिवा बुझला. खोली चूप. अन खाटेवरून टक. टक. मंग थांबलं. मंग टक.

वाजिदनं आयकलं. पहिल्यांदा आयकलं असन त्यानं ते. गिटार मांडीवरच होती, वायरबिगर. एक तार छेडली. बशीरभाऊनं टक केलं, त्यानं दुसरी छेडली. मंग बशीरभाऊचं बोट हवेतच थांबलं अन हा पुढं निघून गेला. परत चुकलं. पाठ केली होती ना, दिसन कसं? तेव्हा त्यानं उठून स्टूल फिरवला. वर्सभरात पहिल्यांदा तो वाजवताना बापाकडे तोंड करून बसला. बोट उचलते का नाई ते पाह्यत राह्यला. बोट थांबलं तं हा थांबे, सूर तसाच लांबवून ठेवे. बोट पडलं का हा पुढं. लकव्याच्या मानसाचा हात तो, त्याचा काही भरोसा नाई. एखाद्या वेळी पाच टक लागोपाठ, एखाद्या वेळी अर्धी चिलीम होईन इतका वेळ काही नाई. मी काज सोडून पाह्यत राह्यली. माह्या हाताले सुई लागली तवा समजलं का मी सोडलं हाये.

आठही दिवस तेच. डबा मशीनच्या खाली गेला, त्याच्यावर चिंध्याची थैली. नाई, फेकला नाई त्यानं. अजूनबी काहाडते, नवीन गाणं बसवाचं असलं का. चांगली चीज हाये ते, उगाच नावं कशाले ठेवाचे.

आठ दिवसानं गेला, दसरूभाऊनं हो म्हनलं. सुकरीबाईनं त्या दिवशी मुद्दाम दोन जागी जास्त थांबून पाह्यलं म्हने, हा तिच्या तोंडाकडे पाह्यत बसला. सीजनच्या बेचाळीस नाटकाचा कागद त्याच्या हातात देल्ला. वाजिदनं तो घरी आनला, मशीनवर पसरवला अन टेलरच्या खडूनं एकेक गाव खोडत गेला. सिरोंच्याकडचे खोडले. कुरखेड्याकडचे खोडले. जिथून सकाळी बशीरभाऊले उठवाच्या टायमावर परत येता येते तेवढेच ठेवले. सहा राह्यले. बाकीचे छत्तीस गोंदियाच्या पोट्ट्याले गेले. त्या सहा दिवशी तुहा बाप बशीरभाऊजवळ झोपाले गेला, तुले आठवत असन, तू विचारे बाबा कुठी गेले.

मी विचारलं, सहावर भागते का रे तुहं? म्हने, भागत नाई. अन त्यानं कागद घडी करून खिशात ठेवला.

काल गेली होती मी. बशीरभाऊ आता लय थकले. वाजिद कोनाचातरी पायजामा शिवत होता, टाच-पंजा, टाच-पंजा. तिकडून टक आवाज आला तं यानं मशीन थांबवली, गिटार घेतली, स्टूल फिरवला. एक सूर वाजवला. मंग बशीरभाऊचं बोट उचललं अन तसंच राह्यलं, खाली येयेच ना. गिऱ्हाइक दारात उभं होतं, पायजाम्यासाठी. वाजिदनं त्याच्याकडे पाह्यलं नाई. सूर धरून बोटाकडे पाह्यत बसला. मीबी सुई तशीच धरली.