तीन ग्रॅम पावडर, तीन लिटर पाणी

सिलिंडर माझ्या हातातून निसटला तेव्हा वाळूवर अकरा पाहुणे उभे होते. तेव्हा मी मोजले नव्हते. नंतर व्हिडिओत मोजले.

चौदा किलोचा सिलिंडर, हवेने ठासून भरलेला. त्याचं तोंड दगडावर आपटलं असतं तर तो बंदुकीच्या गोळीसारखा सुटला असता. कामाला लागले त्या पहिल्याच दिवशी हे मला सांगितलं होतं. तो वाळूत पडला. नुसता धप्प आवाज. मालकाचा मुलगा पाहुण्यांचं शूटिंग करत होता, त्याने मोबाइल माझ्याकडे वळवला.

"बघा, आमची लेडी डायव्हर! मावशी, परत एकदा पाड बघू."

पाहुणे हसले. मीही हसले. ते सगळ्यात वाईट.

माझं वय सेहेचाळीस. मालवणच्या किनाऱ्यावर पाहुण्यांना समुद्राखाली नेणारं हे सेंटर, तिथे मला पाच सीझन झाले. हवा भरायच्या शेडपासून बोटीपर्यंत सिलिंडर पोचवायचे, रिकामे परत आणायचे. शेड ते पाणी एकशे दहा पावलं. रोजचे चाळीस-बेचाळीस सिलिंडर, आम्ही चार बाया. नोंदवही माझ्याकडे. त्यात आजवर एक आकडा चुकलेला नाही. पण यंदा हातातली ताकद कमी झालीय. उतारवय लागलं, दुसरं काय.

त्याच दिवशी काम सुटताना मालकाच्या मुलाने मला बोलावलं. टेबलावर प्लास्टिकचा डबा होता. लेबल फाटलेलं, आत पांढरी पावडर.

"क्रिएटिन आहे, जिममध्ये ताकदीसाठी घेतात ते. माझं उरलेलं. आठवडाभर रोज चार चमचे घे, मग दोन. पुढच्या महिन्यापासून प्रत्येकीने एका फेरीला दोन सिलिंडर न्यायचे. नाही जमलं तर घरी बस."

मी विचारलं, "ह्येना किडनी जाता म्हणतत. खरा काय ता?"

"तुमच्या किडनीला काय होतंय? तुम्ही लोक दगड पचवता."

तुम्ही लोक. माझ्या आजीला मालकाच्या जातीतल्या लोकांच्या विहिरीच्या काठाला हात लावता येत नव्हता. त्यांच्यातलं कोणी येऊन वरून पाणी ओतेपर्यंत ती घागर घेऊन लांब उभी राहायची. तिलाही हेच दोन शब्द ऐकू यायचे.

डबा मी घेतला. हे लिहिताना लाज वाटते. "बरा" म्हटलं आणि पदराआड झाकून घरी नेला.

माझी आई किडनीने गेली. आठवड्यातून दोनदा डायलिसिस. सुया टोचून टोचून तिच्या हाताला गाठी आल्या होत्या. शेवटी पाणीसुद्धा मोजून. ते मीच द्यायची, वाटीने. वाटी संपली की ती माझ्या तोंडाकडे बघत राहायची.

म्हणून मला पावडरीची भीती. आणि घरात नेमाने येणारा पगार माझा एकटीचाच, म्हणून नाही म्हणायचीही भीती.

घरी मी मालवणी मसाला विकते, त्याचा छोटा काटा आहे. एक चमचा पावडर तोलली. शिगोशीग चमचा पाच ग्रॅम. चार चमचे म्हणजे वीस. लेबल नसलेलं, दुसऱ्याचं उरलेलं, रोज वीस ग्रॅम.

दुसऱ्या दिवशी बरोबरच्या बायांना सांगितलं.

"घेव नको गो, मिशी येतली तुका!" एक म्हणाली.

दुसरी म्हणाली, "घे घे. ताकद इली काय त्या मालकाच्या झिलाक उचलून दर्यात टाक."

हसून झालं. माझी भीती तिथेच. सुटीच्या दिवशी मी डबा घेऊन सरकारी दवाखान्यात गेले. तिथली डॉक्टर तरुण मुलगी. तिने डबा उघडून पाहिला, बाजूला ठेवला आणि आईचं सगळं नीट विचारून घेतलं.

"क्रिएटिन विष नाही," ती म्हणाली. "किडनी चांगली असेल तर दिवसाला तीन ग्रॅम पुरतं. वीसची गरज नाही. पण तुमच्या घरात आजार आहे, तर आधी रक्त-लघवी तपासू. पावडर घेतल्यावर किडनीच्या रिपोर्टमधलं क्रिएटिनिन थोडं वाढलेलं दिसू शकतं, तेव्हा तपासणाऱ्याला सांगायचं. आणि हा डबा नको. आत काय आहे कोणाला माहीत? पाणी किती पिता?"

मी एक बोट दाखवलं, एक तांब्या.

"या उकाड्यात, या कामाला, तीन लिटर तरी हवं. कामावर लघवीला किती वेळा जाता?"

"एकदाव नाय. घराक गेल्यार."

तिने पेन खाली ठेवलं.

आम्हा कामाच्या बायांत रीत आहे. सकाळी पेज पिऊन निघायचं, मग काम सुटेपर्यंत पाणी नाही. नवीन बाई आली की आम्हीच तिला शिकवतो, "ओठ ओले करूचे, गिळूचा नाय." सेंटरवर दोन संडास आहेत, पाहुण्यांचे. चावी काउंटरवर, आम्हाला मिळत नाही. पुरुष माडांच्या मागे जातात. आम्ही कुठे जाणार, एवढ्या मोबाइलांसमोर? वर थट्टा, "आमी काजीची झाडा, आमका पाणी शिपूचा लागना नाय." या सीझनला मला दोनदा लघवीला आग झाली. आकडे लिहिणारी मी, ते कुठे लिहिलं नाही.

"पावडर नाही घेतली तरी चालेल," डॉक्टर म्हणाली. "पाणी नाही प्यायलात तर चालणार नाही."

चार दिवसांनी रिपोर्ट आले. ठीक होते. रिपोर्ट हातात धरून मी दवाखान्याच्या पायरीवर बसले आणि हिशेब केला. पाच सीझन, सीझनचे साधारण दोनशे दिवस. हजार दिवस. आईला डॉक्टरांनी पाणी तोडलं होतं. मी धडधाकट असून हजार दिवस स्वतःचं पाणी तोडलं. कोणासाठी? त्यांच्या संडासाला आपला पाय लागू नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी नऊ वाजता मी एक तांब्या पाणी प्याले. दहाला आणखी एक. बाया बघत राहिल्या. साडेदहाला लघवीला लागली. मी काउंटरवरची चावी उचलली.

"मावशी, ती चावी गेस्टची आहे," मालकाचा मुलगा म्हणाला.

"म्हायती आसा."

"मागे माड आहेत ना?"

"तुझी आवस जाता काय माडाच्या पाठी?"

त्याच्या आईवरून हे वाक्य माझ्या तोंडून गेलं. त्याच्या हातात मोबाइल होता. तो त्याने वर केला नाही.

आत जाऊन कडी लावली. बराच वेळ काही होईना. बाहेरून तो दारावर थापा मारत होता. "उद्यापासून येऊ नकोस! ऐकलंस?" ऐकलं. भिंतीला हात टेकून बसून राहिले. मग झाली. रडूही तेव्हाच आलं.

दार उघडलं तेव्हा तो नव्हता. तिघी बाया ओळीने उभ्या होत्या. पहिलीने चावी मागायला हात पुढे केला.

"हाड चावी."

सकाळी पिशवीतून आणलेला डबा मी त्याच्या टेबलावर, त्याच्यासमोर नेऊन ठेवला. सांगितलं, एका फेरीला एकच सिलिंडर. तासाला पाणी. लागेल तेव्हा संडास. पावडर घ्यायची झाली तर सीलबंद आणीन, काट्यावर तीन ग्रॅम तोलीन, माझ्या अंगासाठी घेईन. त्याच्या दुसऱ्या सिलिंडरासाठी कणभर नाही. तो उठला. मालकाला फोन लावत बाहेर गेला.

तिघीही माझ्याबरोबर आहेत, काढायचं तर त्यांनी चौघींना काढावं आणि बेचाळीस सिलिंडर स्वतः वाहावेत. मला भीती वाटते. हे लिहिताना वाटतेय, उद्या सकाळी त्या वाळूत पाय ठेवताना वाटेल. पण तहान दाबून मी तिथे उभी राहणार नाही. एक दिवसही नाही.