रेंजबाहेरची पाकोळी

पक्षी बघायला निघालं की पक्षी दिसो न दिसो, किस्सा मात्र हमखास मिळतो! आमचा कर्नाटकातल्या, अगदी महाराष्ट्राच्या सीमेवरच्या कमलनगरचा ग्रुप म्हणजे आम्ही तिघंच. चित्रकलेचे रिटायर मास्तर बसवअण्णा, जीपवाले मैनूभाई आणि मी, मेडिकलवाला. दुर्बीण अण्णांची, कॅमेरा माझा. ते रविवार आठवले की दुकानात मन लागत नाही.

*

एकदा ठाणाकुशनूरला अण्णा बांधावरून दुर्बीण लावून बघत होते. शेताचे मालक तरातरा आले.

"कामून मोजायलाव आमचं रान?"

"मोजत न्हाई अप्पा, चंडोल बघायलोय."

"कोन चंडोल? कुनाच्या भावकीतला?"

*

जनवाड्याच्या पुढं एका वाडीत, शाळेवर अण्णांना एक मोठी पाकोळी सूंऽऽ आवाज करत घिरट्या घालताना दिसली. घाटातली! आपल्याकडं कधीच न येणारी. अण्णांनी हेडमास्तरांना बजावलं, "शाळेवर पाकोळी आलीय, लक्ष ठेवा," आणि मला कॅमेरा घेऊन बोलावून ते फाट्यावर वाट बघत थांबले.

आता पुस्तकात पाकोळी म्हणजे उडता उडताच खाणारा-पिणारा पक्षी. पण गावात वटवाघळालाही पाकोळीच म्हणतात! आम्ही पोचलो तर लिंबाच्या पाल्याचा हा धूर, आणि सगळी शाळा मैदानात खोकत उभी.

हेडमास्तर छाती काढून म्हणाले, "एकबी शिल्लक न्हाई ठिवली, सर!"

*

फोटो नाही. तरी अण्णांनी बेंगळूरच्या एका जाणकार साहेबांना फोन लावला. पोट काळपट, शेपटीखाली पांढरं, सगळं सांगितलं.

साहेब म्हणाले, "पांढऱ्या पोटाची साधी पाकोळी असेल. तुम्ही म्हणता ती तिकडं सापडतच नाही, तुमचा भाग तिच्या रेंजमध्ये नाही."

"रेंजमधी तर आमीबी न्हाई साहेब! घरात बसलो तरी मोबाईल म्हणतो, महाराष्ट्रात स्वागत हाय!"

आम्ही पोट धरून हसलो. अण्णा स्वतः हसले नाहीत. त्यांना काचबिंदू होता, नजर कडेकडेनं चालली होती. जीपमध्ये बसल्यावर हळूच म्हणाले, "जन्मभर बघितलो, आन् शेवटी खोटा ठरलो." मला फार वाईट वाटलं.

*

पुढं अण्णांना दिसेनासं झालं, पण रविवार चुकला नाही. मैनूभाई जीप हाकता हाकता त्यांना पक्षी सांगायचे. त्यांचा प्रत्येक पक्षी एकच. "कबूतर है अण्णा, मगर जरा बारीक!"

अण्णा म्हणायचे, "मैनू, असल्या कबुतरानं मला आंधळा केलास बघ!"

*

आणि मग मांजरेच्या बंधाऱ्यावरची ती सकाळ. अण्णा काठावर खुर्ची टाकून बसलेले, मी चहा ओततोय. तेवढ्यात पाण्यावरून सूंऽऽ करून काहीतरी गेलं.

"तीच हाय! मार फोटो, मार!" अण्णा ओरडले.

चहा गेला मातीत. मी दिसेल तिकडं कॅमेरा दाबत सुटलो. मागून बघतो तर एका फोटोत काळपट पोट, शेपटीखाली पांढरंशुभ्र! मैनूभाईंनी अण्णांना खुर्चीसकट मिठी मारली. मला तर रडूच आलं.

फोटो पाठवला. दुपारी साहेबांचा फोन. मी स्पीकरवर टाकला.

"अण्णा, सॉरी! तुमचंच बरोबर होतं. मोठी नोंद आहे ही. आता परत दिसली की पहिला फोन मला करायचा हं!"

अण्णांनी आवाजाच्या दिशेनं मान वळवली.

"आता तुमीच बघा, साहेब. माझं बघून झालंय."