संगमेश्वरचा दत्ताराम

अठ्ठ्याण्णव साली देवरूखच्या स्टँडवर माझ्या वडिलांनी, आबांनी, माझी पत्र्याची ट्रंक एसटीच्या टपावर चढवली. घराण्यातला पहिला बी.कॉम. मी, दिल्लीला रस्ते बांधणाऱ्या कंपनीत हजेरी-कारकून म्हणून निघालो होतो. आबांना अक्षरओळख नाही. ते एवढंच म्हणाले, "पत्र टाकत जा. आणि कागद कुठला फेकू नको. कधी बोलंल सांगता येत नाय."

आमच्या पडवीत एक तार टांगलेली आहे, तुमच्याकडेही असेल. पोस्टमन पत्र वाचून दाखवायचा आणि आबा ते तारेत ओवायचे. जुनं खाली, नवं वर. शिकलेल्या मला ती तेव्हा अडाणीपणाची खूण वाटायची.

पुढे कंपनीने अफगाणिस्तानात पाठवलं. तिथे हमीदुल्ला आमचा दुभाषा होता. गाव दिसलं की गाडी थांबवून तो एकटा उतरायचा, दोन्ही हात मोकळे दाखवत पुढे चालत जायचा. म्हाताऱ्यांबरोबर चहा पिऊन झाला की खांद्यावरची चादर हलवायचा, मग आम्ही निघायचो. त्याच्या पाठीकडे बघत गाडीत बसून राहणं मलाच जड जायचं, आणि तो तर रोज उतरायचा.

परक्यांबरोबर काम करणाऱ्यांना तिकडे ठार मारत. हजेरीवही भलत्याच्या हाती पडली तर? म्हणून मी दुभाष्यांना आमच्या वाडीतली नावं दिली. हमीदुल्ला झाला दत्ताराम, राहणार संगमेश्वर. सकाळी मी दत्ताराम पुकारला की तो गंभीर चेहऱ्याने "हजर" म्हणायचा आणि अख्खा तंबू हसायचा. स्वतःच्या हुशारीवर मी खूष होतो.

तरीही, मी दिल्लीला परतल्यावर एक दिवस त्याच्या दाराला धमकीची चिठ्ठी लागली. बायको आणि दोन मुलींना घेऊन तो दिल्लीत माझ्या दोन खोल्यांत आला. मी कुळथाची पिठी केली. मुलींनी ती दोनदा मागून घेतली. कॅनडा अशा कुटुंबांना घेत होतं, पण त्यांच्या दिल्लीतल्या कचेरीतल्या बाईंना त्याने आमच्याबरोबर काम केल्याचा पुरावा हवा होता. कंपनीने हजेरीवह्या दिल्या. त्यांत हमीदुल्ला कुठेच नव्हता.

"हा दत्ताराम कोण?" बाईंनी विचारलं. मी खरं ते सांगितलं. त्या वाईट नव्हत्या. म्हणाल्या, तुमच्या सांगण्यावर चालत नाही, त्या काळात लिहिलेलं काही आणा. हमीदच्या कुटुंबाचा भारतातला व्हिसा संपत आला होता. परत जाणं म्हणजे त्या चिठ्ठीकडेच जाणं. 

मी वाडीतल्या दुकानात फोन करून आबांना माझी पत्रं पाठवायला सांगितलं. आबांचा टपालावर विश्वास बसेना. रत्नागिरीपलीकडे कधी न गेलेला माणूस तार पंच्यात गुंडाळून रेल्वेने दिल्लीला आला.

कचेरीत त्यांनी तार टेबलावर उभी धरली. बाईंनी पत्रं सोडवायला सांगितली, तर मानेनेच नको म्हणाले. मराठी जाणणारा अनुवादक बसला होता. त्याने विचारलं, कुठलं पत्र? मलाही आठवेना.

आबांनी बोटाने कागद मोजले. "खालनं एकतिसावं. त्यात ह्यो मानूस पयला उतरला आनि तुमी मागनं गेलास."

त्या पत्रात होतं सगळं: हमीदुल्लाचं नाव, त्याच्या बापाचं नाव, गाव, पाकिटावर टपालाचा शिक्का. वर ओवलेल्या फोटोत आम्ही दोघं, तारेचं भोक नेमकं आकाशात. अनुवादक वाचत गेला आणि बाई लिहीत गेल्या. हमीद उठला, आबांचा हात डोळ्यांना लावला. आबा अवघडले. "पोरींना भूक लागली असंल," म्हणाले.

सगळे कॅनडाला सुखरूप पोचले. पहिलं पत्र हमीदने माझ्या नाही, आबांच्या पत्त्यावर पाठवलं. आत थोरल्या मुलीच्या शाळेच्या दाखल्याची नक्कल होती. सुट्टीत गेलो तेव्हा ती तारेवर सगळ्यात वर दिसली.

आता दिल्लीत माझं घर आहे, नावाची पाटी आहे. तरी कोणी घर विचारलं की डोळ्यांपुढे पडवीतली तार येते. एकदा म्हटलं, आबा, तार मी घेऊन जातो, जपून ठेवीन.

"ऱ्हाऊ दे हितंच," आबा म्हणाले. "त्या पोरीचा कागुद हाय तिच्यावर. उद्या मागायला आली, तर तिला घर ठावं नको?"