इझबासरला मी केकशिल म्हणालो

इझबासरबद्दल लिहायला बसलो खरा, पण मला त्याची फारशी माहिती नाही. मंगिस्ताउच्या वाळवंटी मुलखातल्या आमच्या वस्तीत एकेचाळीस वर्षं आमची कुंपणं लागून होती. त्याच्याकडे उंट होते, तो कमी बोलायचा, चहात साखर घालत नसे. एवढंच. आम्ही एकाच वर्षी जन्मलेलो, म्हणजे कुरदास. कुरदासाला तोंडावर काहीही बोलायची मुभा असते. पाठीमागे बोलायचं नसतं.

एका थंडीत त्याचा उंट माझ्या गवताच्या गंजीत शिरला आणि निम्मं गवत फस्त केलं. मी त्या उंटाला काठीने झोडपलं. इझबासर कुंपणापाशी उभा होता. उंटाला दोरीने धरून घेऊन गेला. त्यानंतर वर्षभर त्याने माझा उंबरठा ओलांडला नाही, सणाला बोलावलं तरी नाही. मी मनाशी ठरवून टाकलं, हा केकशिल.

डूख धरणाऱ्याला आम्ही केकशिल म्हणतो. रागीट माणूस वेगळा. तो भांडतो आणि संध्याकाळी जेवायला येतो. केकशिल मार खाल्लेल्या उंटासारखा गप्प राहतो आणि चार वर्षांनी चावतो. सोयरीक जुळवताना हा शब्द फार वाईट. असा व्याही कोणाला हवा? हे मला ठाऊक होतं.

इझबासरची मुलगी अक्तोती. मुलगा तिनेच पसंत केलेला. त्याच्याकडची माणसं आली ती रीतीप्रमाणे आधी शेजाऱ्याकडे, माझ्याकडे.

“इझबासर माणूस कसा आहे?”

“सोन्यासारखा,” मी म्हणालो. मग, का कोण जाणे, “फक्त जरा केकशिल.”

त्यांच्यातल्या म्हाताऱ्याने चहाचा पेला आडवा केला, म्हणजे आता चहा पुरे. “बरं झालं विचारलं.”

त्यांची गाडी इझबासरच्या दाराकडे वळलीच नाही. तिथे त्यांच्यासाठी मांस शिजत होतं. वास माझ्या अंगणापर्यंत येत होता.

अक्तोतीचं लग्न पुढे झालंच नाही.

महिन्याभराने विहिरीवर त्याची बायको भेटली. मी विचारलं, “काय वहिनी, रुसवा गेला का त्याचा?”

“रुसवा कसला? आमच्या जनावराने तुमचं गवत खाल्लं ना! लाज वाटते त्यांना. म्हणतात, कोणत्या तोंडाने जाऊ?”

त्याला सगळं सांगायला हवं होतं. त्यात सात वर्षं गेली. शेवटी एका वसंतात गेलो. तो उंटाची लोकर उतरवत होता.

“ये रे कुरदास! मेला नाहीस अजून?”

“तुला पोहोचवल्याशिवाय कसा मरू?”

तो हसला. अक्तोतीने चहा आणला. “काका, साय घालू?” तिच्या केसांत पांढरं दिसत होतं. ती आत जाईपर्यंत मी थांबलो.

“इझबासर, ते पाहुणे त्या वेळी...”

“सोड रे. दूरची माणसं. वाट चुकली असतील.”

त्याला माहीत होतं का? मला अजून कळलेलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही, आणि दहा दिवसांनी तो वारला. मी भेटायला गेलो त्या दिवशी मात्र त्याने लोकरीचा ढीग कवेत घेतला आणि मानेने खूण केली.

“ते पोतं धर. तोंड मोठं कर.”

“एवढं?”

“अजून थोडं. हां, बास.”