गाद्यांच्या खोलीतली तालीम

वर्ध्याला लागून असलेल्या बोरगाव मेघेतल्या आमच्या घरातली एक खोली मी स्वतःच्या हातांनी अशी तयार केली, की आत कोणी मेले तरी शेजाऱ्याला कळू नये. हेतू चांगला होता. माझी बायको शोभा त्या खोलीत गाणे शिकवते. तिच्याकडे येणारी माणसे बहुतेक पन्नाशीच्या आसपासची. लहानपणी घरी कोणी गाऊ दिले नाही, म्हणून आता लाजत लाजत शिकणारी. शोभाचा नियम एकच : इथे कोणी कोणाला हसायचे नाही. पण शेजारचे चौधरीकाका भिंतीपलीकडून हसत.

म्हणून मी सासऱ्यांच्या आर्वीच्या शेतातला कापूस आणला, पिंजून घेतला, गाद्या भरल्या आणि भिंतींना, झरोक्याला, दाराला ठोकल्या. दारावरची गादी नीट बसेना, तेव्हा आतली मूठच काढून टाकली. (वर्तमानपत्रात असताना मजकूर जागेत बसत नसला की मी असाच कापत असे.)

काम बुद्धपौर्णिमेच्या सकाळी संपले. दुपारी सुनंदाबाईंची शेवटची तालीम होती. त्या तहसील कचेरीत नोकरीला. शेतात निंदताना त्यांची आई बुद्धाचे एक गाणे म्हणायची, ते त्यांना संध्याकाळी विहारात म्हणायचे होते. गेल्या वर्षी नाव पुकारताच त्या मंडपातून थेट घरी निघून गेल्या होत्या. यंदाही तसेच झाले तर पुन्हा गाण्याचे नाव काढणार नाही, असे त्यांनी शोभाला सांगून ठेवले होते.

"भाऊजी, दार लावा ना. कोणी ऐकलं तर?" त्या म्हणाल्या.

मी आतूनच दार ओढले. कुलूप खट्‌कन बसले. बाहेरून मूठ फिरवली की ते उघडते. आतून मात्र फिरवायला काही राहिले नव्हते.

"अहो, मूठ कुठं हाये?" शोभाने विचारले.

"काढली."

"काऊन?"

"गादी बसत नव्हती."

"आता आपण बसू!"

मोबाइल बाहेर टोपलीत होते. वर्गात मोबाइल आणायचा नाही, हाही शोभाचाच नियम. मी दोघींना धीर दिला. आष्टीहून मी फोनवर बातमी सांगायचो, तेव्हा वर्ध्याच्या आमच्या वर्तमानपत्राच्या कचेरीतला माणूस फोन कानापासून लांब धरायचा. दाराकडे तोंड करून मी चौधरीकाकांना हाक मारली. गादीने ती घेतली. आणखी मोठ्याने मारली. तीही घेतली. बाहेर सगळ्या वस्तीचे कूलर घरघरत होते आणि कापूस उत्तम प्रतीचा होता. ओरडता ओरडता माझा आवाज आधी फाटला, मग बसला, मग गेलाच.

"अहो, दाराले काय ओरडता? सगळ्यात जाड गादी तिथंच हाये!" शोभा म्हणाली.

मी खुलासा केला. तो कोणाला ऐकू आला नाही.

तेवढ्यात वीज गेली. पंखा थांबला. मे महिन्यात, वर्ध्यात, कापसाच्या पोटात आम्ही तिघे!

"जाऊ द्या ताई," अंधारातून सुनंदाबाई म्हणाल्या. "माह्या नशिबातच नाई गाणं." त्यांच्या सुरात दुःख होते, आणि थोडी सुटकाही.

शोभाने स्टुलावर चढून झरोक्याची गादी ओढली. गादी फाटली आणि निम्मा कापूस तिच्या तोंडात गेला. ती खोकत सुटली. झरोका मात्र उघडला. वीज नसल्याने बाहेरचे कूलर बंद होते. आता ओरडायला एकच माणूस उरले होते.

"ओरडा, सुनंदाबाई!" शोभा कशीबशी म्हणाली.

"मले नाई जमत ओरडणं. लोक काय म्हणतीन?"

"मंग गा!"

पहिली ओळ त्यांनी स्वतःसाठी म्हटली, दुसरी आमच्यासाठी. अंतऱ्याला डोळे मिटले. मी बातमीदार आहे, विशेषणे वापरत नाही. आवाज कुंपणाच्या भिंतीपलीकडे गेला, एवढे नोंदवतो.

दार उघडले. चौधरीकाका बनियनवर उभे.

"भाऊ, तुमी तर म्हणत होते आता आवाज येनार नाई! एवढा कापूस काय कामाचा?" मग ते आत वळून म्हणाले, "अन् बाई, तुमी काऊन थांबल्या? पुरं करा ना ते."

संध्याकाळी विहारात नाव पुकारले गेले. सुनंदाबाई केसांतल्या कापसासकट उठल्या आणि सबंध गाणे म्हणाल्या. पुढे बसलेल्या म्हाताऱ्या बायांनी धृपद उचलून धरले. गाणे संपल्यावर सुनंदाबाई माइकवर म्हणाल्या, "माह्या तोंडून आज आवाज निंघाला तो आमच्या भाऊजीमुळं."

शब्दशः खरे होते. मला मंचावर बोलावून शाल पांघरली गेली आणि दोन शब्द बोलण्याची विनंती झाली. मी तोंड उघडले. काहीच आले नाही. पुन्हा प्रयत्न केला, तेव्हा गंजलेल्या बिजागरीसारखा एक सूर निघाला.

सूत्रसंचालकाने गंभीरपणे माइक घेतला. "पाहा मंडळी! असे गुरू आता राह्यले नाई. आपला सगळा आवाज शिष्येले देऊन टाकला!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. सर्वांत जोरात टाळ्या शोभा वाजवत होती. चुकीच्या बातमीचा खुलासा त्याच दिवशी करावा, असे मी आयुष्यभर नव्या बातमीदारांना शिकवले. मी नमस्कार केला आणि शाल सावरत गुपचूप खाली उतरलो.