उजेडरावांचं ऊन आणि डबीची पाठ

आमच्या नाटक कंपनीत पहाट व्हायची ती उजेडरावांच्या बोटांनी. खरं नाव त्यांच्या आईलाच काय ते ठाऊक. विंगेमागे बसून ते दिव्यांचा उजेड कमीजास्त करणारी डिमरची दांडी अशी काही सरकवायचे, की पहिल्या रांगेतले प्रेक्षक अंगाभोवती शाल ओढून घ्यायचे. त्या उजेडात मी तीस वर्षं राजा झालो, भिकारी झालो आणि आठवड्यातून तीनदा मेलो.

ते निवृत्त झाले त्याच वर्षी त्यांच्या मुलीला आठ महिन्यांसाठी परगावी जावं लागलं. जाताना ती आपलं कासवाचं पिल्लू वडिलांच्या हवाली करून गेली. बॉक्स टर्टल. मोठं झालं की पोटाकडच्या बिजागरीवर कवच डबीसारखं मिटून घेणारं. हे मात्र कोटाच्या बटणाहून जरासंच मोठं. नाव डबी.

"बाबा, मी येईपर्यंत हिला धड वाढवा. बाकी काही नको," एवढंच ती म्हणाली.

उजेडरावांनी माळ्यावरून स्टेजचा जुना दिवा काढला. काचेच्या पेटीवर टांगला, पुढे सोनेरी जिलेटिनचा कागद लावला, डिमर जोडला. सकाळी सहाला पहाट, मग कडक दुपार, संध्याकाळी अशी तांबूस सांज की मला जुने संवाद आठवायला लागायचे.

"कसं वाटतंय?"

"टाळ्या वाजवाव्याशा वाटतायत हो!"

"तुम्हाला नाही, डबीला विचारतोय."

खायला लेट्यूसची पानं आणि काकडीचे काप. "ऋषीसारखं जनावर आहे," ते म्हणायचे, "पाल्यावरच राहणार."

दोन महिन्यांनी त्यांनी मला तातडीनं बोलावलं. डबी तळहातावर होती. "जरा पाठ दाबून बघा."

मी अलगद बोट टेकवलं. कवच आत गेलं, पाण्यात भिजलेल्या नखासारखं.

"पोरीला काय तोंड दाखवू?" ते म्हणाले आणि खुर्चीत बसले.

जनावरांच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि मोकळेपणानं बोलायच्या. त्यांनी डबीला वजनकाट्यावर ठेवलं. "आजोबा, ऊन कुठलं देता?"

उजेडरावांनी अभिमानानं सगळी मांडणी सांगितली. बाईंनी हसू आवरलं. "यात ऊब आहे, उजेड आहे. पण कवच भक्कम करायला अतिनील किरण लागतात. ते ना तुमच्या दिव्यात आहेत, ना खिडकीच्या काचेतून येतात."

"माझ्या उन्हानं माणसं घामाघूम झालीत, बाई!"

"माणसं झाली असतील. हिची हाडं उपाशी राहिली."

मला राहवेना. "म्हणजे कवच हाडाचं असतं?"

"हो तर! कणा आणि बरगड्या त्यातच जोडलेल्या. वर नखासारखं आवरण." मग त्या उजेडरावांकडे वळल्या. "या वयात निम्म्याहून जास्त खाणं किड्यांचं हवं. गांडुळं, गोगलगायी, वर कॅल्शियमची भुकटी. सोबत गडद हिरवी पानं. मोठी झाली की पाला वाढवा. ठासून भरवू नका. आणि माती ओलसर ठेवा, कोरड्यात पाठीवर उंचवटे येतात."

घरी आल्यावर त्यांनी आधी मुलीला फोन लावला आणि सगळं कबूल केलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग, "पुढच्या तपासणीला मला फोनवर घ्या."

दुसऱ्या दिवसापासून कुंड्यांखाली गांडुळं शोधणं सुरू झालं. हात लावायची वेळ आली की उजेडराव दोन पावलं मागे.

"जन्मभर तापल्या दिव्यांना हात घातलात," त्यांची बायको दारातून म्हणाली, "आणि या एवढ्याशाला घाबरता होय?"

शेवटी भाजीच्या चिमट्यानं जमलं. रोज सकाळी जाळीची पेटी अंगणात, अर्धी उन्हात, अर्धी सावलीत. शेजारी स्टुलावर उजेडराव, कावळे हाकलत. डबी मान लांब करून गांडुळावर झेप घ्यायची, तेव्हा आम्ही दोघे म्हातारे श्वास रोखून बघायचो.

तीन महिन्यांनी डॉक्टरीणबाईंनी पाठ दाबली. फोनच्या पडद्यावर मुलगी होती.

"घट्ट आहे."

"पुन्हा दाबा ना, मला नीट दिसलं नाही," मुलगी म्हणाली.

बाईंनी पुन्हा दाबली. डबीनं फुस्स करून मान आत घेतली. पाठीवरच्या प्रत्येक खवल्याभोवती नव्या वाढीची स्वच्छ रेघ उमटली होती. फक्त शेपटीकडची कड वर वळलेली.

"ही सरळ होईल का?" उजेडरावांनी विचारलं.

"नाही. तशीच राहील."

त्यांनी फोन जवळ घेतला. "ही कड दिसतेय ना तुला? ती माझ्यामुळे."

"दिसली, बाबा. पुढची वाढ सरळ आहे ना?"

"सरळ आहे," ते म्हणाले, आणि डबी मोठी होईल तशी गांडुळं किती कमी करायची ते डॉक्टरीणबाईंना विचारू लागले.